पितळी इंजिनांचे पुनर्रंजन आणि मूळ पाठाचा प्रश्न

आगगाडीच्या इंजिनांच्या पितळी प्रतिकृती जमविणे, मोडक्या असतील त्या दुरुस्त करणे व त्यांस नव्याने रंग देणे, हा विषय भाषाभ्यासाच्या पत्रिकेत कसा आला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. जुन्या हस्तलिखिताच्या संपादकापुढे जी अडचण नेहमी उभी असते, तीच या प्रतिकृती हाताळणाऱ्यापुढे, थोड्या वेगळ्या व अधिक कठीण रूपात, उभी राहते, हे त्याचे उत्तर होय. हाती आलेल्या वस्तूत मूळचे किती, मागाहून भर पडलेले किती, आणि ती भर खरवडून टाकण्याचा अधिकार कोणाला, हा वाद या छंदाच्या वर्तुळात कित्येक दशके चालू आहे. पाठचिकित्सेशी परिचय असलेल्या वाचकास त्यात पुष्कळ ओळखीचे सापडेल.

प्रथम वस्तूची ओळख करून घेणे इष्ट. अमेरिकेत रेल्वेच्या प्रतिकृतींचा छंद मुख्यतः प्रौढांचा आहे, आणि त्यात सर्वाधिक रूढ असलेल्या मापास ‘एच्‌ओ’ असे नाव आहे. प्रत्यक्षातील एक फूट म्हणजे प्रतिकृतीतील साडेतीन मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १:८७ असे हे प्रमाण. चार फूट साडेआठ इंच रुंदीचा लोहमार्ग या मापात १६.५ मिलिमीटरचा होतो, आणि पाऊणशे टनी इंजिन तळहातावर बसते. या मापाचे इंजिन प्लॅस्टिकचे काढावयाचे, तर पोलादी साचा कोरावा लागतो आणि त्याचा खर्च हजारो नग खपल्याशिवाय भरून येत नाही. पितळेचे तसे नाही. पितळेचा पत्रा कापता येतो, वाकविता येतो, ठशाने दाबून त्यावर रिव्हेटांची रांग उठविता येते. शिवाय तो लोखंडासारखा गंजत नाही आणि उत्तम झाळला जातो. त्यामुळे शे-दोनशे किंवा हजार-दोन हजार नगांची लहानशी आवृत्तीसुद्धा परवडते. घंटा, दिवा, हवेचा पंप, झडपा असे बारीक भाग मेणाच्या नमुन्यावरून ओततात. आपल्याकडे मानसोल्लासात वर्णिलेले मधूच्छिष्टविधान ते हेच. मूर्तीऐवजी येथे तांदळाच्या दाण्याएवढा पंप निघतो, इतकेच.

या प्रतिकृतींचा मोठा काळ जपानचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात असलेल्या अमेरिकी सैनिकांनी व अधिकाऱ्यांनी तेथील कारागिरांचे हात पाहिले आणि त्यांतून हा व्यापार वाढला. तोक्योतील गिन्झा भागातले तेन्शोदो हे दुकान १८७९ मध्ये शिक्के कोरणारे म्हणून सुरू झालेले, पुढे घड्याळे व जडजवाहीर विकणारे. त्याने युद्धोत्तर काळात आगगाडीच्या प्रतिकृती काढण्यास आरंभ केला. १९५० च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातील एडमंड्‌स येथून ‘पॅसिफिक फास्ट मेल’ या नावाने अशा प्रतिकृतींची आयात होऊ लागली आणि हे नाव अमेरिकी संग्राहकांच्या तोंडी बसले. १९४९ पासून १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन हा दर बांधलेला होता, ही गोष्ट या कलेच्या इतिहासात कोणत्याही कारागिराइतकीच महत्त्वाची आहे. तो दर सुटला, जपानी मजुरी चढली, आणि हे काम क्रमाक्रमाने दक्षिण कोरियाकडे व पुढे काही अंशी चीनकडे गेले.

बहुतेक जपानी प्रतिकृती रंगविल्याशिवायच पेटीत घालीत. उघड्या पितळेवर पारदर्शक लॅकरचा हात, एवढेच त्यांचे आवरण. रंग देणे हे घेणाऱ्याचे काम समजले जाई. पुष्कळांनी तो कधीच दिला नाही, आणि येथूनच प्रस्तुत प्रश्नाचा उगम होतो.

संग्राहकांच्या बोलीतील दोन शब्दांकडे येथे लक्ष वेधणे अस्थानी होणार नाही. पहिला शब्द ‘ब्रास’. इंग्रजीत तो धातूचा वाचक. या वर्तुळात मात्र वस्तूचाच वाचक झालेला आहे. अमका ब्रास जमवितो, तमक्याने आपला ब्रास विकला, अशी भाषा चालते. तांब्यापासून ‘तांब्या’ झाला आणि पुढे पितळेचा तांब्या, स्टीलचा तांब्या म्हणण्यात मराठी माणसाला काही वावगे वाटेनासे झाले, तसाच हा अर्थविस्तार आहे. काळ्या रंगाखाली पितळेचा कणही दिसत नसला तरी ते इंजिन ‘ब्रास’च राहते. दुसरा शब्द ‘प्रोटोटाइप’ अधिक बोलका आहे. ग्रीकमधील ‘पहिला’ आणि ‘ठसा’ या दोन शब्दांचा हा समास. यंत्रशास्त्रात त्याचा अर्थ चाचणीसाठी बनविलेला पहिला नग. या छंदात मात्र ज्याची प्रतिकृती केली ते प्रत्यक्ष इंजिन, मग ते पहिले असो वा शंभरावे, प्रोटोटाइप म्हटले जाते. म्हणजे सगळी खरी आगगाडी ही लहान आगगाडीची पूर्वप्रत! ‘मूळ’ या कल्पनेचे हे दुहेरीपण पुढे रंगाच्या वादात कामास येते.

चर्चेसाठी एकच उदाहरण घेणे सोयीचे होईल. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया रेल्वेने १९४२ मध्ये बॉल्डविन कारखान्याकडून ६११० व ६१११ या क्रमांकांची दोन इंजिने बनवून घेतली. टी-१ असे त्यांच्या वर्गाचे नाव. पुढे १९४५-४६ मध्ये आणखी ५० इंजिने, क्रमांक ५५०० ते ५५४९, बांधली गेली. निम्मी रेल्वेच्या आल्टूना येथील कारखान्यात, निम्मी बॉल्डविनकडे. पुढे चार लहान चाके, मग चार मोठी, पुन्हा चार मोठी, शेवटी चार लहान. दट्ट्यांच्या दोन जोड्या एकाच ताठ सांगाड्यावर. नाकाचा आकार जहाजाच्या नाळेसारखा निमुळता. हे बाह्यरूप रेमंड लोवी या विख्यात आकृतिकाराचे. टेंडर धरून इंजिनाची लांबी सुमारे १२३ फूट. एच्‌ओ मापात ती सुमारे ४३ सेंटिमीटर भरते, आणि ८० इंच व्यासाचे चाक २३ मिलिमीटरचे होते. वेगाबद्दल या इंजिनांची ख्याती होती, चाके घसरण्याबद्दलही होती. डिझेल इंजिने आली आणि १९५० च्या दशकात बावन्नच्या बावन्न टी-१ मोडीत निघाली. एकही उरले नाही.

पेन्सिल्व्हेनियाच्याच के-४ या वर्गाची ४२५ इंजिने होती; त्यांपैकी दोन राखलेली आहेत. के-४ ची प्रतिकृती दुरुस्त करणारा शंका आली तर जाऊन मोजू शकतो. टी-१ बाबत ती सोय नाही. आराखडे आहेत, छायाचित्रे आहेत, चित्रफिती आहेत. आणि पितळी प्रतिकृती आहेत. प्रतिकृती साहजिकच आराखड्यांवरून व छायाचित्रांवरून केलेल्या, म्हणून पुराव्याच्या दृष्टीने दुय्यम. पण सर्व बाजूंनी फिरवून पाहता येईल, चाके फिरवून दांड्यांची चाल निरखता येईल, अशी टी-१ ची वस्तुरूप प्रत बहुतेकांस तेवढीच उपलब्ध आहे.

आता व्याधींचा विचार. गंजत नसली तरी पितळी प्रतिकृती म्हातारी होते, आणि गंमत अशी की तिला बहुधा तिचे अंथरूणच बाधते. पेटीत जो मऊ फोम घातलेला असे, तो तीस-चाळीस वर्षांत विघटित होऊन चिकट भुगा होतो आणि लॅकरला किंवा रंगाला धरून बसतो. एकदाही रुळावर न ठेवलेले, एकदाही हात न लागलेले इंजिन पेटी उघडल्यावर अंगभर डाग पडलेले निघावे, असे वारंवार घडलेले आहे. म्हणून जुनी पेटी हाती आली की जाणता मनुष्य प्रथम फोम फेकतो व इंजिन आम्लरहित पातळ कागदात गुंडाळतो.

यंत्राचे दुखणे निराळे. जुन्या उघड्या मोटरीचे लोहचुंबक कालांतराने क्षीण होते, मग ती अधिक वीज खाते व तापते. मोटरीपासून दातेरी चाकांच्या पेटीपर्यंत फिरकी नेणारी रबरी नळी वाळून ताठ होते. आसावर दाबून बसविलेले प्लॅस्टिकचे दातेरी चाक चिरते, आणि इंजिन प्रत्येक फेऱ्यास एकदा अडखळते. अनुभवी कानाला हे दुखणे टकटक आवाजावरून कळते. चाकांचे कोन बिघडले तर काम अधिक नाजूक. वाफेच्या इंजिनात डाव्या बाजूचा दांडा वर असताना उजव्या बाजूचा पाव फेरा पुढे किंवा मागे असावा लागतो, नाहीतर दोन्ही बाजू एकाच वेळी अचल बिंदूवर येऊन इंजिन उभेच राहील. प्रतिकृतीत हा नव्वद अंशांचा कोन प्रत्येक आसावर अचूक सारखा नसेल तर जोडदांडे आवळतात. तो सारखा करण्यास डोळा पुरत नाही, खाचेचे साधन लागते. टी-१ मध्ये दांड्यांचे दोन संच असल्यामुळे हे काम दोनदा करावयाचे.

झाळकामाची गोष्ट आपल्याकडील वाचकांस अधिक जवळची वाटेल. शिसे व कथील यांचा डाख सुमारे १८३ अंश सेल्सियसला वितळू लागतो. शिडी, कठडा, नळी असा एखादा भाग निखळला आणि तो पुन्हा बसविण्यासाठी तापलेली डागणी लावली, तर पितळ उष्णता झपाट्याने वाहून नेते आणि शेजारचे चार भाग गळून पडतात. एक झाळावे आणि चार सुटावेत, ही नवशिक्याची दशा. त्यावर उपाय दोन. शेजारच्या सांध्यांभोवती ओला कापूस गुंडाळून त्यांस थंड ठेवणे हा पहिला. कोळशाच्या टोकातून कमी दाबाचा पण मोठा विद्युत्प्रवाह नेऊन नेमका एकच बिंदू क्षणभर तापविणे हा दुसरा. झाळताना वापरलेला नवसागरासारखा पदार्थ मात्र धुऊन काढलाच पाहिजे. तो राहिला की सांध्याशी हिरवा कळंक धरतो. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकल्याचा अनुभव असलेल्या घरात हे सांगावयास नको.

वीज कशी वाहते हेही येथे सांगितले पाहिजे, कारण रंगाशी त्याचा संबंध आहे. अमेरिकी धर्तीच्या जुन्या पितळी प्रतिकृतीत इंजिन एका रुळावरून वीज घेते व टेंडर दुसऱ्या रुळावरून. दोहोंस जोडणारी लहानशी पट्टी हाच मंडल पुरे करणारा दुवा. उत्साहाच्या भरात त्या पट्टीला व तिच्या खिळ्यालाही रंग दिला, की सुरेख रंगविलेले इंजिन जागचे हलत नाही. असे फसलेले लोक पुष्कळ आहेत.

रंगकामाची पद्धत थोडक्यात अशी. इंजिन खालच्या बाजूचे स्क्रू काढून सुटे करावयाचे. मोटर, चाके, दिवे बाजूस ठेवावयाचे. लॅकर किंवा जुना रंग ॲसिटोनने वा तत्सम द्रवाने उतरवावयाचा. त्यानंतर धातूवरील काळपटपणा सौम्य आम्लाने घालवावयाचा. चिंचेने पितळ उजळणाऱ्या गृहिणीस त्यातले तत्त्व ठाऊक आहे. मात्र येथे वेळेचे भान हवे, कारण आम्लात फार वेळ राहिल्यास पितळेतील जस्त सुटून पृष्ठभागावर तांबूस छटा उरते. पुष्कळ कारागीर यापुढे ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड हलक्या दाबाने फवारून पृष्ठभाग किंचित खरखरीत करतात, म्हणजे रंग धरतो. यानंतर उघड्या बोटांनी स्पर्श वर्ज्य; घामातील क्षार नंतर रंगाखालून वर येतात. मग अस्तर, मग एअरब्रशने रंगाचे पातळ हात, मग सुमारे ८० ते ९० अंश उष्णतेत एखाद-दोन तास भाजणे. डाखाच्या वितळबिंदूच्या पुष्कळ खाली असल्यामुळे ही उष्णता निर्धोक असते. शेवटी पाण्यात भिजवून उतरविलेली अक्षरे व क्रमांक, आणि त्यांवर निस्तेज पारदर्शक थर.

रंगाची जाडी ही उपेक्षणीय बाब नव्हे. दशांश मिलिमीटर जाडीचा थर हातास जाणवतही नाही. पण ८७ ने गुणले असता तो प्रत्यक्षातील जवळजवळ नऊ मिलिमीटर होतो, आणि रिव्हेटांची डोकी त्यात बुडून जातात. घरच्या घरी कुंचल्याने रंगविलेल्या अनेक जुन्या प्रतिकृतींची हीच अवस्था असते. असा रंग काढल्यावर खालून जपानी कारागिराचे काम बाहेर येते: रिव्हेटांच्या रांगा, पत्र्याची काटेकोर जोड, आतल्या बाजूस कानशीच्या रेषा आणि डाखाचा एखादा ओघळ. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला लेखनिकाचा हात ओळखताना जो आनंद होतो, त्याच्याशी या अनुभवाचे साम्य आहे.

आता रंग कोणता, हा प्रश्न. पेन्सिल्व्हेनिया रेल्वेच्या इंजिनांचा रंग गडद हिरवा, ‘ब्रन्सविक ग्रीन’ या नावाने प्रसिद्ध. पण हा हिरवा काळ्याकडे इतका झुकलेला की ढगाळ उजेडात तो काळाच दिसावा. नवा असताना उन्हात त्याची हिरवी झाक कळे. काजळी, तेल व धूळ यांनी थोड्याच दिवसांत ती झाकली जाई. बहुसंख्य छायाचित्रे कृष्णधवल, त्यांत हिरव्याचा प्रश्नच येत नाही. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रंगीत स्लाइड उपलब्ध झाल्या खऱ्या, पण त्यांत टिपले गेले ते बहुधा मळलेले इंजिन, आणि तेही त्या फिल्मच्या स्वतःच्या रंगप्रवृत्तीतून. आता कोणी अगदी कारखान्याच्या नमुन्याबरहुकूम रंग सिद्ध केला आणि ४३ सेंटिमीटरच्या टी-१ ला दिला, तर खोलीतल्या दिव्याखाली ते इंजिन काळे दिसते. पाहणारा म्हणतो, हिरवे कोठे आहे? म्हणून पुष्कळ रंगकार त्यात हिरवा वाढवितात. कित्येक प्रतिकृती त्यामुळे जवळजवळ पानासारख्या हिरव्या झालेल्या आहेत. लहान वस्तूवर रंग थोडा उजळ करावा, कारण आपण ती दूरून पाहिल्यासारखी पाहतो, असा एक सिद्धान्तही या समर्थनार्थ मांडला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. जुन्या ग्रंथाचे लेखन वाचकांच्या सोयीसाठी अर्वाचीन करणारा संपादकही असेच काही सांगत असतो. वाचन सुलभ होते. पण ते लेखन मूळ म्हणून पुढे जाऊ लागले की घोटाळा होतो. हिरवी टी-१ पाहून दुसरा रंगकार आपली टी-१ रंगवितो, आणि प्रमादाची परंपरा सुरू होते.

रंगाखेरीज रूपाचेही पाठभेद आहेत. पहिल्या दोन इंजिनांच्या चाकांवर झाकणपत्रा अधिक होता. पुढील पन्नासांना, देखभालीच्या सोयीसाठी, तो कमी ठेवला. ५५४७ या इंजिनाची झडपांची रचना पुढे बदलून त्यास बाहेरून दिसणारी, जुन्या प्रकारची वाल्शार्ट यंत्रणा बसविली, आणि त्याचा वर्ग टी-१-ए असा झाला. तेव्हा प्रतिकृतीवर ५५४७ हा क्रमांक लावणारास, ती यंत्रणा नसेल तर, हे इंजिन फेरबदलाआधीचे आहे असे म्हणावे लागते. आणि तसे म्हटले की अक्षरे, नळ्या, दिवे हे सर्व त्याच काळाचे असावे लागतात. क्रमांकाची चार अक्षरे चिकटविणे म्हणजे एक कालनिर्णय करणे होय.

इतके झाल्यावर मुख्य वादाकडे येता येते. एक पक्ष म्हणतो की, जपानी कारागिराच्या हातून निघाली तशी, उघड्या पितळेची, लॅकरसह, प्रतिकृती राखावी. तिला रंग देणे म्हणजे ती बिघडविणे. दुसरा पक्ष म्हणतो की, सोन्यासारखे झळझळणारे इंजिन जगात कोणत्याच रुळावर कधी धावले नाही. रंगावाचून प्रतिकृती अपुरी आहे. दोन्ही पक्ष ‘मूळ’ या शब्दाचाच आश्रय करतात, परंतु दोघांचे मूळ भिन्न आहे. पहिल्याचे मूळ म्हणजे ती वस्तू, विशिष्ट साली विशिष्ट कारखान्यात झाळलेली. दुसऱ्याचे मूळ म्हणजे वर सांगितलेला ‘प्रोटोटाइप’, मोडीत गेलेले इंजिन. बाजारानेही या बाबतीत एकच कौल दिलेला नाही. दीर्घकाळपर्यंत न रंगविलेल्या नगास मान होता. पुढच्या दशकांत कारखान्यातूनच उत्तम रंगविलेली इंजिने येऊ लागली, आणि नव्या ग्राहकास उघडे पितळ अर्धवट वाटू लागले.

पाठचिकित्सेचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेली आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास गेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती सर्वांस परिचित आहे. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादनात जी शिस्त सिद्ध झाली, तिचे एक लहानसे चिन्ह म्हणजे नागमोडी रेषा. जेथे स्वीकारलेला पाठ पुरेसा निश्चित नाही, तेथे त्याखाली अशी रेषा काढलेली आहे. संपादक निर्णय देतो आणि त्याच क्षणी आपली शंकाही छापतो. खाली पाठभेदांची नोंद असते. ज्याला मान्य नसेल त्याने ते पाहून वेगळा निर्णय करावा.

रंगकाराला ही रेषा उपलब्ध नाही. टी-१ च्या बाजूला दिलेला हिरवा एकच असतो. तो “बहुधा असा होता” असे म्हणू शकत नाही. टेंडरवरील अक्षरे सोनेरी की पिवळसर, याबद्दल कितीही शंका असली तरी ती कोणत्या तरी एका रंगात चिकटवावीच लागतात. दुसरा फरक याहूनही मोठा आहे. महाभारताचा संपादक नव्या कागदावर लिहितो, आणि त्याची हस्तलिखिते आपल्या बासनात जशीच्या तशी राहतात. रंगकार आपली आवृत्ती हस्तलिखिताच्याच पानावर लिहितो, तेही आधीचे अक्षर खरवडून. त्याचा निर्णय चुकला तर मागे जाऊन पाहण्यास काही उरत नाही. मूळचे लॅकर पुन्हा चढविता येत नाही. नवे चढविता येते, पण ते नवे असते.

म्हणून सरसकट नियम करणे गैर होईल. ज्या नगाचे लॅकर शाबूत आहे, त्यास हात लावण्याचे कारण दिसत नाही. टी-१ चे रूप रंगात पाहण्याची इच्छा असलेल्यास, फोमने डागळलेला किंवा घरगुती रंगात बुडालेला दुसरा नग बहुधा मिळतो, आणि खरे पाहता पुनर्रंजनाचे योग्य क्षेत्र तेच आहे. जपानी कारखान्यातच त्या काळी रंगविलेल्या प्रतिकृतींची गोष्ट मात्र निराळी मानली पाहिजे. तेन्शोदोच्या काही प्रतिकृती अशा होत्या. त्यांची छटा चुकीची असली तरी ती काढू नये. समुद्रापलीकडचे, कधी न पाहिलेले इंजिन आराखड्यावरून आणि पाठविलेल्या छायाचित्रांवरून रंगविणाऱ्याने त्याची कशी कल्पना केली, याचा तो पुरावा आहे; आणि चुकलेला पाठसुद्धा परंपरेच्या इतिहासात साक्षीदार असतो, हे भाषाभ्यासकास वेगळे सांगावे लागत नाही.

आणि ज्याने रंग काढावयाचाच, त्याने निदान नोंद ठेवावी. रंगाला नागमोडी रेषा नसली तरी पेटीत चिठ्ठी घालता येते: काम हाती घेण्यापूर्वीची छायाचित्रे, कोणता रंग उतरविला व त्याखाली काय आढळले, नवा रंग कोणता व कोणत्या प्रमाणात मिसळला, मोटर बदलली काय, कोणता भाग नव्याने ओतून बसविला, क्रमांक कोणत्या छायाचित्राच्या आधारे निवडला. रंगाच्या नावापुरती नोंद पुरेशी नाही. ‘फ्लोक्विल’ हा अमेरिकी छांदिष्टांच्या दोन पिढ्यांनी प्रमाण मानलेला रंग २०१३ मध्ये बंद झाला. ज्यांनी नुसते त्या बाटलीचे नाव लिहून ठेवले, त्यांची नोंद आता अर्धी मुकी आहे. म्हणून त्याच रंगात रंगविलेला पितळेचा लहानसा तुकडा चिठ्ठीबरोबर ठेवणे अधिक बरे. काढलेली जुनी मोटर, चिरलेले चाक हेही फेकू नये. पेटीत जागा असते.

असे करणारे थोडे आहेत. आजवर तशी गरज भासली नाही, कारण संग्राहक स्वतःच चालती-बोलती नोंदवही असे. कोणते इंजिन कोणाकडून आले, कोणी रंगविले, हे त्यास तोंडपाठ असे. पण १९५० व ६० च्या दशकांत पितळी इंजिने विकत घेणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे. मालकाच्या निधनानंतर संग्रह फुटतो, पेट्या लिलावात जातात, आणि इंजिनाबरोबरची माहिती त्या घरातच राहून नाहीशी होते. आपल्याकडे आहेरात दिलेल्या पितळी भांड्यावर देणाऱ्याचे नाव व तारीख घालण्याची रीत होती, त्यामुळे मोडीच्या दुकानातला तांब्यासुद्धा आपला इतिहास थोडाफार सांगू शकतो. रंगविलेले इंजिन तेवढेही सांगत नाही. नव्या मालकापुढे गडद हिरवी टी-१ असते. ही छटा अभ्यासाअंती ठरविलेली की हाताशी होती ती बाटली वापरलेली, हे जाणण्याचा त्याच्यापाशी कोणताच मार्ग नसतो.

दरम्यान या उदाहरणास एक अनपेक्षित पुरवणी जोडली जात आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये स्थापन झालेल्या एका विश्वस्त संस्थेने टी-१ वर्गाचे पूर्णाकार इंजिन, जुन्या आराखड्यांवरून, नव्याने बांधावयास घेतले आहे. मूळ मालिका ५५४९ वर संपली होती. म्हणून त्याचा क्रमांक ५५५०. त्याची बांधणी चालू आहे. ते पुरे झाले म्हणजे कोणत्या हिरव्या रंगाने रंगवावयाचे, याचा निर्णय तेथेही करावाच लागेल, आणि तो १२३ फूट लांबीच्या पृष्ठभागावर, उघड्या उन्हात दिसेल. त्यानंतर हिरव्या टी-१ चा रंगकार कोणत्या मुळाकडे बोट दाखवितो, १९४५ च्या की या नव्या ५५५० च्या, हे पेटीतील चिठ्ठीत निराळे लिहावे लागेल.